वाट : मराठी साहित्यातील प्रतीक

मानवी जीवनाला प्रवासाची आणि जीवनातील निवडीला वाटेच्या फाट्याची उपमा देण्याचा प्रघात जगातील बहुतेक वाङ्मयांत आढळतो. मराठीत हे प्रतीक वाट, मार्ग, पंथ, रस्ता, सडक अशा अनेक शब्दांतून वावरते आणि शब्दागणिक त्याची छटा बदलते. ‘वाट’ हा शब्द सं. वर्त्मन्, प्रा. वट्ट यांवरून आला. ती पायांनी पडते, कोणी बांधीत नाही. म्हणून पायवाट, आडवाट, चोरवाट हे समास मराठीला सहज सुचले. ‘मार्ग’ शब्दाचा संबंध शोधणे या अर्थाच्या धातूशी लावतात. त्याला आरंभापासून साधनेचा वास आहे. भक्तिमार्ग, ज्ञानमार्ग ही रूपे त्यातून आली. ‘पंथ’ शब्दाचा रस्ता हा अर्थ मागे पडून त्या रस्त्याने जाणाऱ्यांचा समुदाय हा अर्थ रूढ झाला. ‘रस्ता’ हा फार्सीतून आला आणि तो राज्यकर्त्यांचा, बांधलेला व मोजलेला असतो. वाक्प्रचारांत ‘वाट पाहणे’ हा सर्वांत अर्थपूर्ण होय. प्रतीक्षेसाठी मराठीने वाटेकडे डोळे लावून बसण्याचे चित्र योजले. त्यामुळे घरातून न हललेल्या माणसाचेही वाटेशी नाते जुळले. या प्रतीकाचा मराठीतील इतिहास पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण मराठी काव्यात व कथेत वाटेवर चालणाऱ्यांइतकीच वाट पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

भारतीय परंपरेत या प्रतीकाचे मूळ वैदिक वाङ्मयापर्यंत जाते. ऋग्वेदातील पूषा हा वाटांचा रक्षक आहे. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्रपुत्र रोहित अरण्यातून गावाकडे परतू लागला, की इंद्र त्याला वर्षावर्षाला परत फिरवतो व चालत राहण्याचा उपदेश करतो. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी दोन गंतव्ये माणसासमोर येतात, विवेकी पुरुष त्यांतील पहिले निवडतो आणि ती वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी असल्याचे सांगितले आहे. महाभारतातील यक्षप्रश्नांत वाट कोणती, असा थेट प्रश्न आहे. युधिष्ठिराचे उत्तर निवडीच्या बाजूचे नाही; तर्क, श्रुती व ऋषी यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा थोर ज्या वाटेने गेले ती वाट, असा त्याचा आशय आहे. ग्रीक वाङ्मयात प्रॉडिकसची कथा झेनफनने नोंदविली आहे. तीत तरुण हेराक्लीझ सद्‌गुण व सुखविलास यांच्या दुबेळक्यात उभा आहे. दान्तेच्या महाकाव्याचा आरंभ सरळ वाट हरवण्याने होतो. जॉन बन्यनच्या पिल्‌ग्रिम्स प्रोग्रेस (१६७८) या रूपककथेत संपूर्ण आयुष्यच एका रस्त्यावर मांडले आहे. रॉबर्ट फ्रॉस्टची दोन वाटांवरील कविता (१९१५, संग्रहात १९१६) तर विसाव्या शतकात निवडीचे प्रमाणचिन्हच होऊन बसली.

फ्रॉस्टच्या या कवितेचा मराठीतही शालेय व महाविद्यालयीन अध्यापनातून मोठा प्रसार झाला. तिचा सर्वसाधारण अर्थ असा सांगतात, की कवीने कमी मळलेली वाट धरली व त्यामुळे त्याचे आयुष्य वेगळे झाले. मूळ कविता हा अर्थ पुरता मान्य करीत नाही. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच तुडवल्या गेल्या होत्या, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. आपण वेगळी वाट धरली, ही कथा पुढे कधीतरी सांगितली जाणार आहे. म्हणजे निवडीइतकाच निवडीविषयी मागाहून रचल्या जाणाऱ्या कथेचा उपहास तीत आहे, आणि एडवर्ड टॉमस या कविमित्राच्या सततच्या चुटपुटीवरून ती सुचल्याचे फ्रॉस्टने स्वतः सांगितले होते. हा अपसमज येथे नोंदविण्याचे कारण असे, की तोच चष्मा लावून पुष्कळदा मराठी वाङ्मयातील वाटांकडे पाहिले जाते व वारकऱ्याची, भटक्याची किंवा सासुरवाशिणीची वाट ही ‘निवडलेली वाट’ म्हणून वाचली जाते. मराठीत वाटेचे प्रतीक मुख्यतः निवडीचे नाही. वाट कोणी दाखविली, वाटेवर सोबत कोण आहे, शेवटी कोण वाट पाहत उभे आहे आणि त्या वाटेने जाण्याची मोकळीक कोणाला आहे, हे प्रश्न येथे आधी येतात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाङ्मयपरंपरेच्या आधारे हे विशेष चांगले दाखवता येते.

बालाघाटाच्या रांगांत वसलेल्या या जिल्ह्याची वाङ्मयीन स्मृती व्यापारी वाटेपासून सुरू होते. तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस  या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तगरहून साधे कापड, मलमल व किनाऱ्याकडून आलेला माल गाड्यांतून भडोच बंदरी जाई. ग्रंथकर्त्याने या वाहतुकीविषयी एक बारकावा दिला आहे : हा प्रवास वाटा नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून होतो. ज्या वाटेची कीर्ती रोमन जगापर्यंत पोहोचली, तिला लिहिणाऱ्याने वाट म्हणण्याचे टाळले, ही गोष्ट मोठी सूचक आहे. पुढे तगरचे वैभव ओसरले, पण कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद शतकानुशतके मिरविले. मागे सोडलेल्या गावाचे नाव पुढच्या वाटेवर बरोबर नेण्याची ही रीत पुढे मराठी आडनावांतही उतरली.

अपभ्रंश वाङ्मयात तेरचा उल्लेख अशाच वाटेच्या संदर्भात येतो. मुनी कनकामर यांच्या करकंडचरिउ  (अकरावे शतक) या जैन चरितकाव्यात राजा करकंड दक्षिणेकडील चोल, चेर व पांड्य राजांवर स्वारीस निघाला असता तेरापूरजवळ मुक्काम करतो. जवळच्या डोंगरात त्याला लेणे दिसते. एक हत्ती सोंडेत पाणी व कमळ आणून वारुळाची पूजा करतो आहे असे तो पाहतो व तेथे खणून पार्श्वनाथाची मूर्ती बाहेर काढतो. धाराशिव लेण्यांशी या वर्णनाचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. काव्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की राजाने ठरविलेली वाट विजयाची होती आणि त्याला जे गवसले ते वाटेत, मुक्कामाच्या ठिकाणी. ठरवून निघालेल्या प्रवासात न ठरविलेले सापडणे हे जैन चरितकाव्यांतील परिचित सूत्र असले, तरी या प्रदेशाच्या एका खऱ्याखुऱ्या डोंगराशी ते येथे बांधले गेले आहे.

तुळजापूरच्या भवानीभोवती वाढलेल्या लोकवाङ्मयात वाट दाखविणाऱ्या देवतेची कल्पना ठळक आहे. सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्या रामाला देवीने एका शिळेवर उभे राहून लंकेचा मार्ग दाखविला, अशी स्थानिक कथा असून ती शिळा घाटशिळा म्हणून दाखविली जाते. सीतेचे रूप घेऊन आलेल्या देवीला रामाने ‘तू का आई’ म्हणून ओळखले व त्यावरून तुकाई हे नाव पडले, ही व्युत्पत्ती लौकिक आहे, पण कथेचे मर्म तीत आहे. वाट चुकलेल्याला आधी आई ओळखता आली पाहिजे. मग वाट दिसते. येथे राम दुबेळक्यात उभा नाही. त्याला कोणती वाट निवडावी हा प्रश्नच पडलेला नाही. त्याला वाट ठाऊक नाही, इतकेच. कठोपनिषदातील विवेकी पुरुषाहून हा राम पुष्कळच निराळा आहे आणि गावोगावच्या श्रोत्याला तो जवळचा वाटला, यात नवल नाही.

तुळजापूरची मूर्ती चल मानली जाते. वर्षातून ठरावीक काळी ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निद्रिस्त करतात. सीमोल्लंघनासाठी लागणारी देवीची पालखी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील बुऱ्हाणनगरहून येते. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरच्या बाजूने व कर्नाटकातून भाविकांचे लोंढे रात्रभर पायी चालत तुळजापुरास येतात. ही चाल वारीहून वेगळी आहे. तीत दिंडीची शिस्त व अभंगांचा क्रम नाही, नवस आहे. गोंधळात तर वाटेची दिशाच उलटी होते. संबळाच्या तालावर गोंधळी एकेका क्षेत्राचे नाव घेऊन तेथील देवतेला यजमानाच्या अंगणात येण्याचे आवाहन करतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी अशी क्षेत्रे पुकारता पुकारता महाराष्ट्राच्या सगळ्या वाटा एका घराच्या उंबऱ्यापाशी आणून सोडल्या जातात. भक्त जागचा हलत नाही, देवता चालत येते. या आवाहनांचा वाङ्मयीन विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. त्यांकडे केवळ विधीचा भाग म्हणून पाहिले गेले. वस्तुतः क्षेत्रनामांच्या साध्या यादीतून भूगोल उभा करण्याची त्यांची शक्ती पुष्कळ प्रौढ काव्यांना लाभलेली नाही.

मराठी ग्रंथरचनेच्या आरंभकाळातच वाटेचे दोन भिन्न अर्थ स्थिर झाले. महानुभावांच्या लीळाचरित्राची  (सु. १२७८) मांडणीच मुळी चक्रधरांच्या भ्रमणावर झाली आहे; कोणती लीळा कोणत्या गावी, कोणत्या देवळात झाली, याची नोंद म्हाइंभटाने इतक्या काटेकोरपणे ठेवली, की पुढे स्थानपोथी  हा स्वतंत्र ग्रंथ झाला. चक्रधरांनी शिष्यांना सांगितलेले अटन हे कोठे पोहोचण्यासाठी नाही. ओळख, मान व आधार सुटावेत यासाठी ते आहे. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात योगमार्गाला ‘पंथराज’ म्हटले. तिसऱ्या अध्यायात ज्ञानी व कर्मयोगी यांच्या गतीतील फरक सांगताना पक्षी फळाशी एकदम झेप घेतो आणि माणूस फांदीफांदीने चढत जातो, असा दृष्टांत त्यांनी योजला. दोघांना मिळते ते फळ एकच. म्हणजे येथे दोन वाटा आहेत, पण त्यांतील एक पत्करल्याने दुसरीवरचे काही कायमचे हुकत नाही. हा मुद्दा लहान वाटला, तरी पाश्चात्त्य फाट्याच्या प्रतीकाशी त्याचा थेट विरोध आहे. फाट्याच्या प्रतीकाला जो करुण सूर लाभतो, तो न घेतलेल्या वाटेविषयीच्या हुरहुरीतून. ज्ञानेश्वरीच्या दृष्टांतात त्या हुरहुरीला जागाच उरत नाही. प्रश्न पायांच्या बळाचा आहे, नशिबाचा नाही.

नामदेवांच्या नावावरील तीर्थावळीच्या  अभंगांत मात्र खरा पेच उभा राहतो. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेस बोलावतात आणि नामदेव पंढरी सोडण्यास तयार नाहीत. ज्याला पोहोचायचे होते तो पोहोचलेला आहे. मग वाट कशासाठी? विठ्ठल त्यांना ज्ञानदेवांच्या हाती सोपवितो, तेव्हा ते निघतात, पण पुढे पाऊल टाकताना मन मागे असते. मराठीतील पहिले घरओढे प्रवासवर्णन असे या प्रकरणाला म्हणता येईल. वाळवंटी प्रदेशात दोघांना तहान लागते. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने सूक्ष्म होऊन खोल विहिरीत उतरतात व पाणी पितात. नामदेव काठावर बसून विठ्ठलाचा धावा करतात आणि पाणीच वर येऊन वाहू लागते. एक पाण्याकडे गेला, दुसऱ्याकडे पाणी आले. गोंधळातील आवाहनाचीच ही रीत आहे. या अभंगांपैकी किती नामदेवांचे स्वतःचे, याविषयी मतभेद आहेत. तथापि वाट तोडणे आणि वाट पाहणे या दोन वृत्तींचा इतका नेमका सामना जुन्या मराठीत अन्यत्र क्वचितच आढळतो.

या कथेची दुसरी बाजू तेरला घडते. संतमंडळी गोरोबा कुंभारांच्या घरी जमली असता कोणाचे मडके पक्के व कोणाचे कच्चे, हे थापटण्याने पारखण्याचा प्रसंग परंपरेने तेरचा मानला आहे. इतर सर्व मुकाट्याने थापट सोसतात, नामदेव रागावतात आणि कच्चे ठरतात. पंढरीलाच सर्वस्व मानणाऱ्या भक्ताला या अपमानाने पुन्हा वाटेवर आणले. गुरूच्या शोधात ते निघाले आणि औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांपाशी पोहोचले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले व नामदेवांना तशी जागा सापडली नाही. वाटेच्या प्रतीकाला यापेक्षा मोठा धक्का देता येणार नाही : जेथे जायचे ते सर्वत्र असेल, तर जाण्याला काय अर्थ राहतो? वारकरी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर तर्काने दिले नाही. ती चालतच राहिली. साध्य मिळाल्यावरही वारी चुकवायची नाही, या दंडकात त्या उत्तराचा आशय शोधावा लागतो. वारी ही या अर्थाने एकदाच करावयाचा प्रवास नसून पुनःपुन्हा चालावयाची वाट आहे. बन्यनचा यात्रिक मात्र स्वर्गनगरीत एकदाच प्रवेश करतो आणि त्याचा रस्ता तेथे संपतो.

गोरोबांच्या चरित्रात स्वतः गोरोबांची चाल आणखी वेगळी आहे. परंपरेनुसार त्यांचे निधन शके १२३९ (इ. स. १३१७) मध्ये झाले. महिपतींच्या भक्तविजय  (१७६२) या ग्रंथाने व नंतर कीर्तनांनी, नाटकांनी आणि चित्रपटांनी त्यांची कथा घरोघर पोहोचविली. भजनात देहभान हरपून माती तुडवीत असता रांगते मूल पायाखाली आले व मातीत मिसळले, हा त्या कथेचा गाभा. कुंभार चिखल तुडवितो तेव्हा तो अखंड चालत असतो, पण पुढे सरकत नाही. कोठेही न जाणाऱ्या चालीत कथेतील सर्वांत भीषण घटना घडते, आणि तिचे परिमार्जन होते ते मात्र पंढरीच्या वाटेच्या टोकाला : नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांचे थोटे हात पुन्हा फुटतात व मूल रांगत सभेत येते. या कथेवर भक्तीच्या आंधळेपणाचा आक्षेप आधुनिक वाचकांनी घेतला आहे व तो सहज झटकता येण्याजोगा नाही. संतचरित्रकारांनी मुलाच्या आईचा आक्रोश गाळला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. वाट देवाकडे जाते खरी, पण ती कोणाच्या अंगावरून जाते, हा प्रश्न कथेच्या पोटात राहिला आहे आणि चमत्काराने तो मिटत नाही.

वाटेवरच्या समतेचा प्रश्नही याच परंपरेत उभा राहिला. मंगळवेढ्याचा चोखामेळा पंढरीच्या वाटेने जाऊ शकत होता. महाद्वारातून आत जाण्याची त्याला मोकळीक नव्हती आणि त्याची समाधी त्या द्वारासमोरच आहे. विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. इरावती कर्वे यांनी परिपूर्ती  (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर केलेल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. पंढरीला जाणाऱ्या लोकांची भूमी ती महाराष्ट्र, ही व्याख्या त्यांना या वाटेवर सुचली. आणि त्याच वाटेवर, एकत्र चालणारी व एकत्र गाणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला मात्र वेगळी बसतात, हे पाहून त्या कष्टी झाल्या. त्यांनी एक अनुभव दुसऱ्यासाठी दडपला नाही, म्हणून हा लेख मराठी ललित निबंधातील श्रेष्ठ लेखांत मोडतो. दि. बा. मोकाशी यांचे पालखी  (१९६४) अधिक तपशीलवार आहे. मोकाशींना श्रद्धा नाही आणि तुच्छताही नाही. पायांचे फोड, पाऊस, मुक्कामाची जागा, चहा यांच्या नोंदी ते निमूटपणे करीत जातात आणि वारकऱ्यांच्या जगाबाहेरचा वाचक त्यांच्या पावलांवर विश्वास ठेवू लागतो.

स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांत वाटेला दोनच टोके असतात, माहेर आणि सासर. या दोहोंपैकी एकही बाईने निवडलेले नसते. मराठवाड्यातील ओव्यांत वाटेवर दिसणारा भाऊ, त्याची बैलगाडी, शिवेवरचे झाड व पंढरीला निघालेली दिंडी यांची वर्णने पुनःपुन्हा येतात. पंढरीलाही ओवी पुष्कळदा माहेरच म्हणते व विठ्ठलाला भाऊ किंवा बाप करते; त्यामुळे वारी ही सासुरवाशिणीला घराबाहेर पडण्याची एक मान्य वाट ठरली. चालण्यापेक्षा वाट पाहणे हे येथे मुख्य आहे. विटेवर युगानुयुगे उभा असलेला देव हाही वाट पाहणाराच, म्हणून ओवीतल्या बाईला तो समदुःखी वाटतो.

इंग्रजी राजवटीत वाटेच्या प्रतीकाला प्रथमच व्यक्तीच्या निवडीचा अर्थ आला. हरी केशवजी यांनी बन्यनचे भाषांतर यात्रिकक्रमण  (१८४१) या नावाने केले. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन  (१८५७) या आद्य मराठी कादंबरीच्या नावातच प्रवास आहे. यमुना व तिचा पती विनायक यांच्या प्रवासात विधवांच्या दुःखाच्या कहाण्या एकामागून एक भेटत जातात व अखेरीस यमुनेवरच तो प्रसंग येतो. कलाकृती म्हणून ती विस्कळित आहे. धर्मप्रचाराचा हेतू लपत नाही. तरीही प्रवासात पाहिलेल्याचा आयुष्यावर परिणाम होऊन स्त्री आपली वाट बदलते, हे मराठीत नवे होते. त्याच वर्षी वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले व बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा माझा प्रवास  १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. लुटले जाऊन ते परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. गोडसे भटजींनी आपल्या प्रवासाला कोणतेही प्रतीकात्मक वजन दिले नाही आणि म्हणूनच तो पदमनजींच्या कादंबरीपेक्षा आज ताजा वाटतो.

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण व दलित साहित्याने वाट पुन्हा जमिनीवर आणली. व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडीचा  (१९५५) आरंभ तरुण मास्तराच्या पायपिटीने होतो व शेवटी दुष्काळाने सारी वाडीच वाटेला लागते. नारायण सुर्वे यांच्या माझे विद्यापीठ  (१९६६) या संग्रहात मुंबईचा रस्ता हेच शिक्षणाचे ठिकाण आहे. लक्ष्मण माने यांच्या उपरा  (१९८०) या आत्मकथनात गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कैकाडी कुटुंब आहे. या कुटुंबाच्या दृष्टीने वाट हेच घर, आणि कोणत्याही गावात ते मुक्कामापुरतेच. प्रवासाला मुक्तीचे चिन्ह मानणाऱ्या रोमँटिक कल्पनेचा येथे पुरता निरास झाला. ज्याला थांबण्याची मोकळीक नाही, त्याच्या चालण्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. चक्रधरांचे अटन व कैकाड्यांची भटकंती बाहेरून सारखी दिसतात, पण एकात आधार सोडलेला आहे आणि दुसरीत तो कधी मिळालेलाच नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात १९७२ चा दुष्काळ ही मोठी घटना होय. मराठवाड्यातील हजारो शेतकरी व मजूर त्या काळी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते आणि त्यातून अनेक रस्ते तयार झाले. ज्यांची शेती उभी राहिली नाही, त्यांनी बांधलेल्या सडका मागे उरल्या. रस्ता बांधणारा व रस्त्यावरून जाणारा यांतील हे अंतर मराठवाड्याच्या पुढील कथेला चांगले ठाऊक आहे. दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या बैलगाड्या व ट्रक हाही त्याच वाटेचा पुढचा टप्पा. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन उस्मानाबाद येथे फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले व त्या निमित्ताने या भागातील लेखनाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

त्या लेखनात कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांचे स्थान महत्त्वाचे आहे. जांभळढव्ह  (१९८०), मरणकळा  (१९८३), अंगारमाती  (१९९१) इ. संग्रहांतून त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्याचे जग उभे केले. त्यांच्या कथांतील वाट बहुधा एकच असते, शेतातून बाजाराकडे जाणारी. ‘लाल चिखल’ या त्यांच्या सर्वपरिचित कथेत शेतकरी टमाटे घेऊन बाजारात जातो. भाव कोसळत जातो, घासाघीस चालते, मालाला मातीमोल किंमत येते आणि शेवटी तो शेतकरी आपल्याच हाताने पिकविलेला माल पायांखाली तुडवू लागतो. पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ही कथा पुष्कळांना शेतमालाच्या भावाची कैफियत म्हणून माहीत आहे. तेवढ्याने तिचे बळ उलगडत नाही. या शेतकऱ्याला बाजारात पोहोचल्यावर कोणताही फाटा उरलेला नाही. माल परत न्यावा तर तो सडणार, विकावा तर घाम फुकट जाणार. वाट जेथे संपते तेथे तो जागच्या जागी पाय आपटीत राहतो.

तेरच्या कुंभाराचा चिखल आणि कळंबच्या शेतकऱ्याचा चिखल एकाच जिल्ह्यातले आहेत. लेखकाने गोरोबांची कथा जाणीवपूर्वक योजली, असे म्हणण्यास कथेत आधार नाही व तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. पोटच्या पोरासारखी जपलेली वस्तू पायांखाली चेंदली जाणे, चालूनही पुढे न सरकणे आणि लाल झालेली माती ही चित्रे या भागातील श्रोत्याच्या मनात शतकानुशतके वावरत आलेली होती. फरक आहे तो शुद्धीचा. गोरोबा तुडवितात ते भान हरपल्यामुळे, आणि पंढरीस त्यांचे मूल त्यांना परत मिळते. चंदनशिवांचा शेतकरी पूर्ण शुद्धीवर आहे. भोवती जमलेल्या बाजारात कोणी नामदेव नाही. कथा तेथेच थांबते.